डावी काच

लिफ्ट बंद होती.
तिकिटात लिफ्टचे पाच रुपये धरले होते, ते परत मिळाले नाहीत.
अकील म्हणाला, चला शेठ, एकशे अठ्ठावीस पायऱ्या तर आहेत,
आपण याहून जास्त पायडल मारलंय.
खरं होतं. त्याचा पाय पायडलवर, माझी बोटं काचेवर,
सदतीस वर्षं, गल्ली नंबर चार,
आणि नखांत ती राखाडी पूड, जी दिवाळीलाही निघाली नाही.

ही पूर्वी पाण्याची टाकी.
आता डोक्यावर गोल गॅलरी, जाड काचा,
आणि एक दुर्बीण, दहाचं नाणं गिळते
अन् दीड मिनिटात पापणी मिटते.
अकीलनं डोळा लावला.
काय दिखी ऱ्हायनं, मी विचारलं.
माले काईच दिखत नई, तो म्हणाला.
नाणं संपलं होतं.

वरून धुळं म्हणजे आखलेली वही.
पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी,
पांझरा तेवढी मधूनच वाकडी गेलेली,
लांब लळिंगचा किल्ला, उन्हात पुसट.
लोक बोटांनी दाखवत होते : ते एकवीरेचं देऊळ,
तो आग्रा रोड, ती बघ आपली गच्ची.
मला गच्च्या नंबरांनी ओळखू येतात.
निळी टाकी : मायनस साडेतीन, दोन्ही डोळे,
परीक्षांना बसायची, चष्म्याच्या काड्या चावायची.
पत्र्याची शेड : प्लस दोन, सुतार,
रंधा डोळे मिटूनही चालवायचा,
चष्मा फक्त पेपरातल्या निधनवार्तांसाठी.
पिवळी भिंत : उजवा मायनस सात.
डावा...

डाव्यापुढे मी कार्डावर कधीच काही लिहिलं नाही.
पुष्पलताबाई भावसार. तो डोळा लहानपणीच गेलेला.
त्या बाजूला साधीच काच बसवायचो,
पण उजवीच्या तोलाची, घासून, वजन करून,
फ्रेम नाकावर कलू नये म्हणून.
त्या काचेचे पैसे लावत नसे.
एकदा म्हणाल्या, या खेपेला डावीकडून जरा बरं दिसतंय हो.
अकीलचं चाक थांबलं.
मी म्हटलं, हो, काच नवीन आहे.

खाली, टाकीला लागून, काचकलेचं संग्रहालय.
निळा मोर. बिन पाण्याची मासोळी.
एक झुंबर, ज्याच्याखाली सगळे फोटो काढतात
आणि कुणी फार वेळ उभं राहत नाही.
शेवटच्या खोलीत रोजची काच :
गोटी अडकलेली सोड्याची बाटली, कंदिलाची चिमणी,
गोळ्या-बिस्किटांची बरणी, झाकणाला अजून गंज,
आणि मखमलीवर, दिव्याखाली, एक चष्मा.
काळी जाड फ्रेम, डाव्या काडीला दोरा.
खाली पाटी : चष्मा. दोन भिंगे.

मी वाकलो.
उजव्यातून मखमलीची किनार आत ओढली गेलेली, बारीक झालेली.
डाव्यातून ती होती तशीच, सरळ,
जणू मध्ये काही नव्हतंच.

मागं व्हा काका, हात नको,
रखवालदार मुलगी म्हणाली. छातीवर नाव : रविता पावरा.
मी तिला विचारणार होतो, हा कुणी आणून दिला,
कधी, आणि पिवळ्या भिंतीत आता कोण राहतं.
पाटीत एक चूक आहे, हेही सांगणार होतो.
अकीलनं कोपर लावलं. ऱ्हाऊ द्या शेठ.
आणि मग हळूच, काचेलाच ऐकू जावं असं,
वजन मीच केलं होतं या जोडीचं.

निघताना मुलगी आमचं तिकीट वाचत होती,
कपाळाला आठ्या, कागद लांब धरायचा, मग जवळ.
मायनस पाऊण, मी म्हटलं, फार तर एक. तपासून घे, पोरी.
ती हसली. एवढ्या काचा सांभाळते काका,
अजून एक कुठं सांभाळू?

बाहेर ऊन इतकं होतं
की आम्ही दोघांनीही चष्मे काढून
सदऱ्याला पुसले,
आणि बराच वेळ तसेच पुसत राहिलो.